नवोदितांचा स्फुट लेख : नियोजन आणि बांधणी

(अध्यक्षीय भाषण, कोल्हापूर)

एका बैठकीत वाचून होणारे आणि एकाच विषयाला वाहिलेले छोटे गद्य म्हणजे स्फुट लेख. साधारण आठशे ते बाराशे शब्दांत तो विषय मांडतो आणि संपवतो. दैनिकांच्या पुरवण्या, साप्ताहिके, मासिके आणि दिवाळी अंक यांचा मोठा भाग अशा लेखांनीच भरतो, आणि लिहू लागलेला माणूस बहुधा याच प्रकाराने सुरुवात करतो. त्याची भाषा पुष्कळदा चांगली असते. फसतो तो आराखडा. लेख कशाबद्दल आहे, कोणासाठी आहे आणि कुठे संपणार आहे, हे लिहिता लिहिता सुचेल या भरवशावर तो बसतो. मग पहिली तीन पाने प्रस्तावनेत जातात आणि मूळ मुद्दा शेवटच्या परिच्छेदात घाईने उरकला जातो.

मराठीत या प्रकाराची परंपरा जुनी आहे. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. १८५० पर्यंत अशी १०८ पत्रे प्रसिद्ध झाली आणि ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. पत्र लहान, त्याला स्वतःचा विषय, आणि सगळ्या पत्रांमागे समाजसुधारणेचा एकच धागा, अशी ती रचना होती. आजच्या नवोदितालाही याच दोन गोष्टी साधायच्या असतात : एक लेख नीट बांधणे आणि अनेक लेखांची मालिका टिकवणे.

विषय आणि प्रश्न

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे विषयाचा प्रश्न करणे. ‘पंचगंगेचा पूर’ हा विषय झाला. त्यावर ग्रंथ होईल, लेख होणार नाही. पावसाचे मान, धरणांचे विसर्ग, नदीकाठची बांधकामे, अलमट्टीचा वाद, पीकनुकसान, पुनर्वसन असे सगळेच त्यात येऊ पाहते आणि कशालाच न्याय मिळत नाही. ‘राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पाहून चिखलीच्या कुटुंबाने घर केव्हा सोडावे?’ हा प्रश्न झाला. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि काय घ्यायचे व काय सोडायचे हे तो प्रश्नच सांगतो. अलमट्टीचा वाद कितीही महत्त्वाचा असला तरी या लेखात त्याला जागा नाही. तो दुसऱ्या लेखाचा विषय.

प्रश्न पुरेसा नेमका झाला की नाही, याची कसोटी सोपी आहे. लेखाचे उत्तर एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते येत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे, किंवा लेखकाला विषय अजून कळलेला नाही. दोन्ही वेळी लिहिण्याची घाई करू नये.

वाचक

दुसरी पायरी वाचक ठरवण्याची. ‘सर्वांसाठी’ लिहिलेला लेख कोणाच्याच कामाचा नसतो. वरील प्रश्नावर चिखली-आंबेवाडीच्या रहिवाशासाठी लिहायचे, तर गाव कुठे आहे हे सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी लिहायचे, तर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा होते आणि हा संगम प्रयाग चिखलीजवळ आहे, एवढे तरी आधी यायला हवे. वाचकाला काय ठाऊक आहे, यावर माहितीचे प्रमाण ठरते.

परिभाषाही वाचकावरूनच ठरते. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाज्यातून १४२८ क्युसेक विसर्ग होतो, हे वाक्य पाटबंधारे खात्याच्या माणसाला पुरते. सामान्य वाचकाला ते सेकंदाला सुमारे चाळीस हजार लिटर पाणी असे सांगितले की आकडा दिसू लागतो. असे सातही दरवाजे उघडले तर विसर्ग दहा हजार क्युसेकच्या घरात जातो. आकड्याने लेखाचे वजन वाढते, पण तो वाचकाच्या ओळखीच्या मापात उतरला तरच.

सामग्री आणि पडताळणी

प्रश्न आणि वाचक ठरल्यावर सामग्री जमवायची. तिचे तीन झरे आहेत : कागद, माणसे आणि स्वतःची पाहणी. कागदांत सरकारी अहवाल, गॅझेटिअर, जुनी कात्रणे आणि ग्रंथ येतात. माणसांत जाणकार आणि भोगणारे असे दोघेही हवेत : अभियंता पातळीचा अर्थ सांगेल, पण गोठ्यातली जनावरे कधी हलवावी लागतात हे शेतकरीच सांगेल. पाहणीला पर्याय नाही. ज्याने नदीचे पात्र पाहिलेले नाही, त्याच्या पूरवर्णनात बातम्यांतलीच वाक्ये येतात.

प्रत्येक टिपणाशेजारी ते कोठून मिळाले आणि कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवावे. ऐकीव, वाचलेले आणि पाहिलेले यांची सरमिसळ इथेच थांबते. जी गोष्ट खरी ठरवता येत नाही, ती कितीही चटकदार असली तरी सोडून द्यावी.

या नियमाचा मराठी पत्रकारितेतला मोठा धडा कोल्हापूरशीच जोडलेला आहे. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. त्या टीकेला आधार मानलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. हेतू स्वच्छ होता, कळकळ खरी होती, लेखणी समर्थ होती. तरीही आधाराचा कागद खोटा निघाला तेव्हा यांपैकी काहीच कामी आले नाही. पत्र नवे होते, चालवणारे तरुण होते. आजच्या नवोदिताला याहून स्पष्ट इशारा मिळणार नाही : मोबाइलवर फिरत आलेला मजकूर हा पुरावा नसतो.

आराखडा

जमलेली सामग्री हाताखाली घेऊन एका पानाचे टाचण करावे. वर प्रश्न, खाली एका वाक्यातले उत्तर, आणि मध्ये चार-पाच मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला शब्दांचा अंदाज द्यावा. पुराच्या लेखाचे नऊशे शब्दांचे टाचण असे होईल :

१. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कुठे मोजतात आणि कशासाठी ठरवले आहेत. (१५० शब्द)

२. पाणी येते कोठून : उपनद्या, पाणलोटातला पाऊस, राधानगरीचे दरवाजे. (२०० शब्द)

३. पातळी वाढत जाताना चिखली आणि आंबेवाडीत काय घडते : रस्ता, शेत, गोठा, घर, या क्रमाने. (२५० शब्द)

४. लोक निघायला उशीर का करतात : जनावरे, चोरीची भीती, मागच्या पुराचा अनुभव. (२०० शब्द)

५. उत्तर : कोणत्या खुणेला कोणी, काय घेऊन निघावे. (१०० शब्द)

या टाचणाचा एक मोठा फायदा आहे. चौथ्या मुद्द्याला गावातल्या माणसांशी बोलणे हवे आणि ते झालेले नाही, ही उणीव लिहिण्याआधीच दिसते. पहिल्या मुद्द्यालाच सगळी माहिती साठली असेल, तर तोल बिघडणार हेही कळते.

मुद्द्यांचा क्रम विषय ठरवतो. घटना असेल तर काळाचा क्रम, गाव किंवा वास्तू असेल तर जागेचा, अनिष्ट गोष्टीचा शोध असेल तर कारणाकडून परिणामाकडे, आणि वाद असेल तर आधी प्रतिपक्षाचे म्हणणे व मग स्वतःचे. एका लेखात एक क्रम धरावा. काळाच्या क्रमाने निघालेला लेख मध्येच वादाकडे वळला की वाचकाची वाट चुकते.

सुरुवात, मधला भाग, शेवट

शाळेतल्या निबंधाने मराठी लेखकाला एक खोड लावली आहे. पाण्यावरचा लेख पाणी म्हणजे जीवन या वाक्याने सुरू होतो, पुस्तकांवरचा लेख ग्रंथ हे गुरू म्हणून, आणि बाकी काही सुचले नाही तर संतवचन आहेच. अशी सुरुवात कोणत्याही लेखाला लावता येते, म्हणूनच ती कोणत्याच लेखाची नसते. पहिल्या दोन-तीन वाक्यांत प्रश्न किंवा त्यातली ठोस बाब यावी. ३९ आणि ४३ हे दोन आकडे सांगून सुरू झालेला पुराचा लेख वाचकाला थेट बंधाऱ्यावर नेतो. सुरुवात जमत नसेल तर दुसऱ्या मुद्द्यापासून लिहावे. पुष्कळदा पहिल्या खर्ड्यातला दुसरा परिच्छेदच खरी सुरुवात असतो.

मधल्या भागात परिच्छेद हे एकक आहे. एका परिच्छेदात एक मुद्दा, त्याला एक आधार : उदाहरण, आकडा किंवा जाणकाराचे मत. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तेवढे वाचत गेले तरी लेखाचा सांगाडा कळावा. लेख हजार शब्दांपुढे गेला तर उपमथळे द्यावेत; पण उपमथळ्याने मजकुराची हमी द्यावी, नुसती सजावट करू नये. मूळ प्रवाहात न बसणारी, तरी उपयोगी माहिती चौकटीत द्यावी. पाच उपनद्यांची नावे किंवा क्युसेकचे माप यांची जागा तीच.

शेवट म्हणजे उत्तर. सांगितलेलेच पुन्हा सांगणे हा शेवट नव्हे, आणि शासनाने व समाजाने एकत्र यावे असे मोघम आवाहन हाही नव्हे. उत्तर दिले की थांबावे. मथळा मात्र सगळ्यांत शेवटी ठरवावा, कारण लेखाने नेमके काय दिले हे तोवर स्पष्ट झालेले असते. मथळ्यातले वचन लेखात पाळलेले असलेच पाहिजे.

तंत्र आणि उत्स्फूर्तता

आराखड्याने लेखन यांत्रिक होते, हा आक्षेप जुना आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ प्राध्यापक असलेल्या ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये लेखनाच्या तंत्राची बाजू मांडली, तेव्हापासून मराठीत हा वाद चालू आहे. पण ज्या लघुनिबंधाला मोकळ्या गप्पांचे रूप होते, तो फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांनी घडवला, आणि त्या गप्पांनाही आतून क्रम होता. लेखक भटकतो असे वाटते, पण त्याला परतायचे कुठे हे ठाऊक असते. नवोदिताने आधी सरळ वाटेने जाणे शिकावे. भटकण्याचा अधिकार त्यानंतरचा. लिहिताना अधिक चांगले काही सुचले तर टाचण बदलावे. ते बदलण्यासाठीही आधी असावे लागते.

दुसरा खर्डा

पहिला खर्डा सलग लिहावा आणि निदान एक रात्र बाजूला ठेवावा. दुसऱ्या वाचनात तीन फेऱ्या कराव्यात. पहिली मुद्द्यांची : प्रश्नाशी संबंध नसलेला परिच्छेद, तो कितीही आवडता असला तरी, काढावा. दुसरी भाषेची : मोठ्याने वाचावे, जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडावे आणि एकाच अर्थाच्या दोन विशेषणांपैकी एक पुसावे. तिसरी तपशिलाची : नावे, सनावळ्या, आकडे आणि ऱ्हस्वदीर्घ मूळ टिपणाशी ताडून पाहावेत. या तीन फेऱ्या एकत्र करू नयेत. भाषेकडे लक्ष असताना चुकलेला सन नजरेतून निसटतो.

मालिका

एक लेख जमणे ही सुरुवात. वाचक जोडला जातो तो सातत्याने. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत असताना सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकात लिहीत होते. नोकरी सांभाळून वेळेवर मजकूर देण्याची सवय तिथली. पुढे १९३८ मध्ये ते कोल्हापूरला आले.

मालिकेचेही एक टाचण हवे. ही मालिका का, हे लेखकाने पहिल्याच लेखात सांगावे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात डॉ. आंबेडकरांनी ‘मनोगत’ लिहून स्वतंत्र पत्राची गरज स्पष्ट केली होती. राजर्षी शाहू महाराजांनी त्या पाक्षिकाला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. हेतू असा पहिल्या दिवशी उघड असला की पुढचा प्रत्येक विषय घ्यावा की सोडावा, हे ठरवणे सोपे जाते.

त्यानंतर बारा प्रश्नांची यादी करावी. बारा सुचत नसतील तर क्षेत्र फार अरुंद आहे. पन्नास सुचत असतील तर फार पसरट. आठवड्याला, पंधरवड्याला की महिन्याला, ही मुदत स्वतःच्या कामधंद्याचा विचार करून ठरवावी आणि सुरुवातीआधी दोन-तीन लेख तयार ठेवावेत. वर्षाच्या चक्राचाही विचार व्हावा : पुराचा लेख मे महिन्यात तयार असावा, गुऱ्हाळाचा दिवाळीच्या सुमारास. पाणी घरात शिरल्यावर छापलेला इशारा कोणाच्या उपयोगाचा?

कोल्हापूरच्या पंचक्रोशीत लिहिण्याजोगे प्रश्न भरपूर आहेत : चप्पल बनवणारा कारागीर, तालमीतला मल्ल, ऊसतोडीला आलेले कुटुंब, शाहूकालीन तलाव, सीमाभागातली मराठी शाळा. त्यांवर लिहू शकणारी माणसेही इथेच राहतात. या व्यासपीठावरून त्यांच्याकडे मागणे एवढेच, की प्रत्येकाने आपल्या गावातला एक प्रश्न निवडावा, त्याचे एका पानाचे टाचण करावे, आधार तपासावेत आणि हजार शब्दांत त्याचे उत्तर द्यावे. पुढच्या संमेलनाला येताना असा निदान एक पुरा झालेला लेख सोबत आणावा.