बेकरीतले ठेके
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी माझ्याच एका चुकीपासून आरंभ करणार आहे. गेल्या वर्षी नववीतील एका मुलाचा मोबाईल मी वर्गात काढून घेतला. त्यात त्याच्या वडिलांच्या बेकरीतील लहान लहान तुकडे चित्रित केलेले होते. मैद्याचा गोळा फळीवर आपटतो, पत्र्याचा ट्रे सरकतो, भट्टीचे लोखंडी दार बंद होते. एकेक तुकडा जेमतेम सेकंदाचा. "हा काय पोरखेळ?" असे मी दरडावून विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, "सर, याचे गाणे करायचे आहे." मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुष्कळांना हा प्रकार नवा वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी सहजी जोडता येत नसत. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या खटपटीतून 'मिडी' नावाची सामाईक भाषा निघाली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये तारेने जोडण्यात आली; एक वाजविले की दुसरेही वाजू लागे. या कार्याबद्दल २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

गंमत अशी की, मिडीच्या तारेतून आवाज मुळीच जात नाही; जाते ती केवळ सूचना. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच. प्रत्येक स्वराला ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो. मग त्या क्रमांकावर वाद्याचाच आवाज लागावा असे थोडेच आहे? ६० आला की गोळा आपटण्याचे चित्र आवाजासह दाखव, ६२ आला की ट्रे, ६४ आला की दार, असे संगणकाला नेमून दिले म्हणजे पेटी वाजवावी तशी चित्रे वाजविता येतात. वाद्य नसले तरी अडत नाही. पडद्यावरील चौकटीत माऊसने स्वर मांडता येतात.

नॉर्वेच्या लासे येर्टसेन या तरुणाला ड्रम आणि पियानो वाजविता येत नव्हते. त्याने एकेक आघात, एकेक स्वर कॅमेऱ्यासमोर वाजविला, ते तुकडे क्रमाने जोडले आणि २००६ मध्ये 'अमॅच्युअर' ही चित्रफीत तयार केली. ती जगभर पाहिली गेली.

मोबाईल परत केल्यावर मी आमच्या मुलाचा पहिला प्रयत्न पाहिला. ताल लंगडत होता. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी हात उचलण्याचा क्षण राहून गेला होता, त्यामुळे आघात उशिरा येई. तुकडा थेट आघातापासून कापावा लागतो, हे त्याने शोधून काढले. दुसरी अडचण गणिताची. मिनिटाला १२० ठोके म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एका ठोक्याला साडेबारा चित्रे येतात. आणि अर्धे चित्र दाखविता येत नाही! फरक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा, डोळ्यांना सहसा न कळणारा. परंतु त्याला तो मान्य नव्हता. अपूर्णांक म्हटले की घाम फुटणारा हा मुलगा फळ्यावर ६० ला १०० ने भागू लागला. ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे नेमकी १५ चित्रे. लय १०० वर आणली आणि हिशेब जुळला.

एका कारागिराने, माझा चेहरा नको, असे सांगितले होते. मुलाने केवळ त्याचे हात घेतले. दुसऱ्याचे चित्र घेताना त्याची संमती घ्यावी, हा धडाही त्यातच आला.

चाळीस सेकंदांची ती चित्रफीत पाहावयास त्याचे वडील शाळेत आले. वर्गात धंदा विचारला की 'दुकान आहे' एवढेच सांगणारा हा मुलगा त्या दिवशी सर्वांसमोर म्हणाला, "हे माझे अब्बा, आणि हे त्यांचे हात." वडिलांनी शांतपणे सर्व पाहिले आणि म्हणाले, "ट्रे दोनदा वाजतो. आमच्याकडे लागोपाठ तीन जातात." मुलाने तेथेच तिसरा स्वर घातला. मग त्यांनी मला विचारले, "सर, यातून पोट भरेल का?" मी खोटी आशा दाखविली नाही. भरेल असे सांगता येत नाही, म्हणालो. परंतु जो मुलगा सेकंदाच्या पन्नासाव्या भागासाठी झगडतो, तो कोणतेही काम मन लावून करील.

पालकहो, मुलाच्या हातातला मोबाईल हिसकावण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : "यावर तू काय करतो आहेस?" तो नुसताच पाहत बसला असेल तर अवश्य रागवा. काही घडवीत असेल तर घटकाभर त्याच्याशेजारी बसा; कदाचित तिसरा ट्रे तुम्हालाच ठाऊक असेल. आणि विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या घरातल्या कामाचा आवाज एकदा नीट ऐका. त्याची लाज बाळगू नका.