विश्वासाने तारण : पंडिता रमाबाईंची साक्ष
(दिंद्रुड येथील व्याख्यान)



स्त्रीशूद्रांस वेदाचा अधिकार नाही, असे शास्त्री सांगत. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या रमेस १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या, तरी हे कुलूप तसेच! व्रते आणि तीर्थयात्रा करता करता तिचे आईबाप दुष्काळात अन्नावाचून गेले.

१८८३ साली बाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८५ साली जोतीरावांनी 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, आम्हीही कोणास तसे व्हा म्हणत नाही. पण डोक्यावर पाणी पडले म्हणजे तारण झाले काय? बाईंनीच पुढे कबूल केले, की आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे! तो काही वर्षांनी सापडला, तोही विधीने किंवा पांडित्याने नव्हे, निव्वळ विश्वासाने. पौलाने गलतीकरांस हेच बजावले होते : सुंतेची अट नको.

विश्वासच पुरे, तर ग्रंथावर पहारा कशाला? म्हणून बाईंनी केडगावी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सारे बायबल जात्यावरच्या बाईस कळेल अशा मराठीत उतरविले. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. त्याचे खिळे जुळविले ते मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी.