बाळंतिणीची विश्रांती

पंजाबात बाळंतिणीने चाळीस दिवस घरी राहून पंजीरी खावी असा प्रघात. महाराष्ट्रात सव्वा महिना आणि डिंकाचे, अळिवाचे लाडू. गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. तेव्हा हा हिशेब अडाणी नव्हे. मात्र शेगडीचा धूर नि बंद खिडक्या यांचे समर्थन करता येत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामास लावण्यास मनाई केली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण शेतमजूर स्त्रीस रजा देणार कोण? बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशा कार्यकर्ती तिच्या दारी येते, बाळाचे वजन करते, आईच्या तापाची, रक्तस्रावाची चौकशी करते. कित्येकदा बाळंतीण तेव्हा पाण्याला गेलेली असते.