मोडलेली आगगाडी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ऐकले-पाहिले तेवढेच सांगते.

आपल्याकडे मुंबईची थेट गाडी यायला 1998 साल उजाडले. त्यामुळे घातलेले रूळ कुणी उचलील, हे आपल्या मनातही येत नाही. पण मुंबईला कलिन्याला माझी नणंद राहते, तिच्या बाजूला नेमके तेच झाले. ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी सुमारे 13 किलोमीटरची लाइन जी. आय. पी. कंपनीने 1928 साली सुरू केली आणि 1934 साली बंद झाली. सहाच वर्षे! तेव्हा साष्टीत गावठाणे आणि भातखाचरे. पुढे माणसांची रीघ लागली, तोवर रूळ गेले होते. त्या वाटेवर रस्ता झाला, भोवती चाळी न् इमारती उठल्या.

राहिले फक्त नाव, सी. एस. टी. रोड. नव्या लोकांना ते छत्रपती शिवाजी टर्मिनसचे वाटते. पण स्टेशनाला ते नाव 1996 साली मिळाले. हे अक्षर आहे त्या सेंट्रल साल्सेट ट्रामवेचे.

अंधेरीहून सरळ पूर्वेला जाणारी मेट्रो निघाली 2014 साली, तीही खांबांवरून. खाली बिऱ्हाडे थाटलेली, कुणाची चूल उठवणार?

आपली लाइन अजून एकेरी आहे. स्टेशनाच्या बाजूला प्लॉट घेणाऱ्या भगिनींनी दुसऱ्या रुळाची जागा कुठून जाते, ते आधी कचेरीत विचारून घ्यावे.