क्रिकेटचा पहिला कारभारी



क्रिकेटवर व्याख्यान म्हटले की श्रोते खेळाडूंच्या गोष्टी ऐकण्याच्या तयारीने येतात. मी आज ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहे, त्यांच्या नावावर सांगण्यासारखी एकही खेळी नाही. ते व्यापारी होते. एक धंदा मार्गी लागला की दुसऱ्याची जुळवाजुळव करायची, हा त्यांचा स्वभाव. आणि हेच गृहस्थ हिंदुस्थानच्या क्रिकेट नियामक मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचे नाव ग्रँट गोव्हन.

गोव्हन हे दिल्लीत उद्योग थाटून बसलेले ब्रिटिश गृहस्थ. 'गोव्हन ब्रदर्स' ही त्यांची पेढी. रामपूर संस्थानातल्या साखर कारखान्यांची व्यवस्था या पेढीकडे होती. १९३३ साली त्यांनी 'इंडियन नॅशनल एअरवेज' ही विमान कंपनी काढली. पुढे १९५३ साली सरकारने ज्या आठ विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, त्यांत हीही होती. जमिनीवर ऊस आणि आकाशात विमान, असा हा पसारा. या पेढीत अँथनी डिमेलो नावाचा एक तरुण नोकरीस होता. जन्म कराचीचा, कूळ गोमंतकातले. धन्याला उद्योगाची दृष्टी आणि या तरुणाला न थकणारी जीभ, अशी ही जोडी जमली.

आता त्या वेळचे क्रिकेट कसे होते ते पाहा. खेळणारे पुष्कळ होते, पण देशाच्या नावाने बोलणारी संस्था नव्हती. १९२६ साली लंडनच्या इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्सला आपल्याकडून गेले ते कलकत्त्याच्या युरोपियनांच्या क्लबाचे प्रतिनिधी. त्याच वर्षी गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ इकडे आला. १ डिसेंबर रोजी मुंबईच्या जिमखान्यावर सी. के. नायडूंनी त्यांच्याविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. पाठोपाठ आपल्या पुण्याच्या प्रा. देवधरांनी १४८ धावा केल्या. पाहुण्यांची खात्री पटली की हा देश कसोटी सामने खेळू शकेल. पण खेळायचे कोणाच्या नावाने?

हा प्रश्न १९२७ च्या फेब्रुवारीत दिल्लीला चौघांच्या बैठकीत निघाला. गिलिगन, पतियाळाचे महाराज, गोव्हन आणि डिमेलो हे ते चौघे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रोशनआरा क्लबात निरनिराळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी जमले. आठ प्रांतिक संघटना सामील झाल्या की मंडळ स्थापावे, असे ठरले. १९२८ चा डिसेंबर आला तरी सहाच झाल्या होत्या. सरकारी कचेरीत अशा वेळी काय होते ते आपण जाणता: उरलेल्या दोघांची वाट पाहण्यात दहा वर्षे जातात. येथे सहांवर मंडळ उभे राहिले. गोव्हन अध्यक्ष झाले, डिमेलो चिटणीस. गिऱ्हाईक पुरते जमेपर्यंत दुकान बंद ठेवणारा माणूस कधी व्यापारी होत नाही, हा पेढीवरचा धडा त्यांनी क्रिकेटमध्ये वापरला. चार वर्षांच्या आत, १९३२ साली, आपला संघ लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला.

मंडळ झाले, पण मैदानाचे काय? १९३३ च्या डिसेंबरात मायदेशातला पहिला कसोटी सामना मुंबईच्या जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथांनी तेथे ११८ धावा काढल्या आणि लोक आनंदाने वेडे झाले. पण ज्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते, त्याच्या अंगणात आपला संघ खेळत होता. स्वतःचे मैदान हवे ही तळमळ यातून आली. त्याच नोव्हेंबरात 'क्रिकेट क्लब ऑफ इंडिया' ही संस्था नोंदली गेली होती. डिमेलो मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांच्याकडे गेले. सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, असे त्यांनी लाटसाहेबांना विचारले, अशी हकिकत सांगतात. बॅकबेची भर घालून काढलेली ९०,००० चौरस वार जमीन साडेतेरा रुपये वाराने मिळाली. हिशेब करा: बारा लाख पंधरा हजार रुपये. २२ मे १९३६ ला कोनशिला बसली आणि ७ डिसेंबर १९३७ ला ब्रेबोर्न स्टेडियम उघडले. अवघ्या दीड वर्षात!

येथपर्यंतची कथा ऐकून कोणीही म्हणेल, खेळाचा कारभार अशाच लोकांकडे द्यावा. मी म्हणतो, थोडे थांबा आणि त्याच वर्षीची पुढची गोष्ट ऐका. नव्या मैदानावर पंचरंगी सामन्यांचा पहिला हंगाम ठरला होता. त्यातून हिंदूंचा संघ बाहेर पडला. कारण खेळाचे नव्हते. प्रेक्षागृहातल्या बैठकी क्लबाने किती द्यायच्या यावरून ते बिनसले. विटा ओल्या असतानाच तंटा सुरू झाला.

तो मिटला नाही. मैदान क्लबाच्या मालकीचे, सामने भरवायचे मुंबई क्रिकेट संघटनेने, आणि तिकिटांसाठी दर वेळी क्लबाच्या दारात उभे राहायचे. पस्तीस वर्षांनी संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांचा संयम सुटला. ते तेव्हा विधानसभेचे सभापतीही होते. क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्याशी बोलणे फिसकटले आणि हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उठले. शशी प्रभू या तरुण वास्तुशास्त्रज्ञाने ते सुमारे तेरा महिन्यांत उभे केले. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा झोडल्या. ब्रेबोर्नवर मात्र १९७३ नंतर कसोटी सामना झाला तो थेट २००९ साली. एका शहरात अर्ध्या मैलाच्या आत दोन स्टेडियमे! दुसऱ्याचा सगळा खर्च पहिल्या वेळी न लिहिलेल्या एका कलमाचा आहे. बैठकी कोणाच्या, हे ते कलम.

याचे मर्म मला असे वाटते. उद्योजक माणूस नसलेली वस्तू उभी करतो, आणि जे उभे केले ते आपले, असे धरून चालतो. पेढीवर यात गैर काही नाही. भांडवल त्याचे, जोखीम त्याची. क्रिकेटमध्ये भांडवल कोणाचे? बारा लाखांची जमीन साडेतेरा रुपये वाराने मिळाली, कारण ती सरकारची, म्हणजे रयतेची होती. सामन्याला उत्पन्न येते ते उन्हात बसणाऱ्या माणसाच्या खिशातून. मग मालकी एकाची कशी?

हा प्रश्न जुन्या काळाबरोबर संपला असे मानू नका. २००८ साली आय. पी. एल. सुरू झाली. मंडळाचा कारभार पाहणारे एन. श्रीनिवासन हे सिमेंटचे कारखानदार, आणि त्यांच्याच कंपनीकडे चेन्नईचा संघ. तशी सवलत मंडळाने आपल्या नियमांतच करून ठेवली होती. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नियमाची ओळ रद्द केली. खेळाचा कारभारी आणि खेळातला व्यापारी एकच असू नये, हे सांगायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले! १९२८ साली कोणी ते लिहून ठेवले असते तर एका शाईच्या दौतीत काम भागले असते.

आता नाशिककडे येतो. आपल्या गोल्फ क्लब मैदानाला आपण हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिले. कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि त्यांच्या नावाच्या मैदानावर आपली मुले इंग्रजांचाच खेळ खेळतात. मला यात विसंगती दिसत नाही. खेळ आपण जिंकून घेतला आहे. ते मैदान महापालिकेचे आहे. सकाळी तेथे म्हातारी माणसे फिरतात, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथेच महाराष्ट्राने बडोद्याशी रणजी सामना खेळला. मोठ्या सामन्यांना ते अपुरे पडते, हे मान्य. म्हणून उद्या एखादा हुन्नरी उद्योगपती पुढे येईल आणि म्हणेल, मी तुम्हांला स्टेडियम बांधून देतो.

त्याला हार घाला. अशा माणसांवाचून खेळ वाढत नाही. गोव्हन-डिमेलो नसते तर नायडूंची फटकेबाजी कलकत्त्याच्या साहेबांच्या दप्तरात राहिली असती. पण हार घालण्यापूर्वी त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर घ्या. जमीन कोणाच्या नावे राहील? शाळेच्या पोरांसाठी आणि स्वस्त तिकिटाच्या गिऱ्हाइकासाठी किती जागा कायमच्या राखून ठेवल्या आहेत? आणि कारभारी किती वर्षांनी खुर्ची सोडील? पहिली वीट बसण्याआधी ही उत्तरे मिळतात. छत पडल्यावर ती मागायला कोर्टात जावे लागते.

मैदान बांधायला दीड वर्ष पुरते, हे मुंबईने दाखवले. ते सर्वांचे ठेवायचे असेल तर आधी एक संध्याकाळ नागरिकांनी एकत्र बसून करारनामा वाचला पाहिजे. तेवढी संध्याकाळ आपण काढाल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.