निशाणी अंगठा कुणाचा? पणजोबांच्या शोधातली माझी चूक

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, आपले पूर्वज कुठून आले हे शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?" आज तेच बोलू. पण आधी माझी चूक सांगतो, कारण मी शिकलो ते तिच्यातूनच.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. पण आजी नेहमी म्हणायची, "आपण हितले नाही रे लेकरा. तुझा पणजा दुष्काळात बीडकडून आला. चार-पाच वर्षांत मानमोडीत गेला. तवा तुझे आजोबा पोटात व्हते." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. बीडकडचं गाव कोणतं, हे मात्र आजीलाही माहीत नव्हतं.

२०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि घरोघरी पेट्या उघडल्या. माझी पुतणी तेव्हा बारावीला होती. चुलतभाऊ म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस, तुला सापडेल." दादाचा शब्द म्हणजे माझ्यासाठी डेडलाइनच.

सुट्टी काढून बीडकडे दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेत एका जुन्या उर्दू कागदाशी थांबलो. सोबतच्या माणसाने वाचून दाखवलं. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, पुढे जात कुणबी, साल १३३०. जमिनीच्या वादातला जबाब होता, खाली निशाणी अंगठा. मी मोबाईलवर फोटो काढला, नाव नीट दिसावं म्हणून क्रॉप केला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. हिजरी १३३० म्हणजे १९११-१२. मग दुष्काळ, मग हिंगोली, मग १९१८. सगळं जुळत होतं. दादाने पेढे वाटले.

खरं सांगतो, इतकं छान जुळलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

हिंगोलीला उर्दूचे एक निवृत्त शिक्षक आहेत. वंशावळीला जोडायला पूर्ण भाषांतर हवं म्हणून त्यांच्याकडे गेलो. क्रॉप केलेला फोटो बघून ते म्हणाले, "सालाच्या पुढचं अक्षर कुठंय?" मूळ फोटो उघडला. आकड्याच्या शेवटी छोटासा 'फे' होता. फे म्हणजे फसली. सर म्हणाले, "हिजरी असतं तर 'हे' असता."

निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सालाने चालायचा. त्यात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळवा. म्हणजे १३३० फसली हे १९२०-२१. नऊ वर्षांचा फरक!

आता दुसरा कागद. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचं जन्मसाल आहे १३२८ फसली, म्हणजे १९१८-१९. आजीची गोष्ट त्याच्याशी बसते. पोरगा जन्मायच्या आधीच बाप गेला. मग १९२०-२१ मध्ये बीडकडे हजर राहून अंगठा कोणी उठवला?

नुसतं जमिनीवर नाव असतं तर मी म्हटलं असतं, मेलेल्यांची नावं सातबाऱ्यावरही वर्षानुवर्षं राहतात. पण मेलेला माणूस जबाब देत नाही. तो दुसराच माणूस होता. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. खंडोबा, विठोबा, तुकाराम, सखाराम... आपल्याकडे नावं अशी किती होती? डेटाबेसमध्ये नुसत्या नावावर दोन टेबलं जोडली तर सीनियर झापतो. घरच्या कामात मी तेच केलं.

ही चूक फक्त आपलीच नाही. १६२० साली इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजाने शंभरेक माणसं अमेरिकेत गेली. आज आपण त्यांचे वंशज आहोत असं सांगणारे खूप. पण त्या वंशजांची जी संस्था आहे, ती प्रत्येक पिढीचा पुरावा मागते. मधली एक कडी नसेल तर नाही म्हणजे नाही. आपल्या पडताळणी समितीतही वंशावळ अशीच जुळवावी लागते. प्रमाणपत्र चुकीचं ठरलं तर ते रद्द होतं, आणि त्यावर मिळालेली सीटही जाते.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "कोणाला कळणारे?" मी म्हणालो, "दादा, तो अंगठा दुसऱ्या कुणाच्या तरी पणजोबांचा आहे. त्यांची लेकरंही कागद शोधत असतील." त्याने फोन ठेवला. तीन आठवडे बोलला नाही. पुतणीचा फॉर्म ओपनमधून भरला.

तर तुम्ही शोधणार असाल, तर स्वतःपासून मागे जा, एकेक पिढी. आधी शाळेचं रजिस्टर, १९५४ चा खासरा पाहणी पत्रक, फेरफार. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, म्हणून त्याआधीचं परभणीच्या नावानेही शोधा. फोटो पूर्ण पानाचा काढा, चारही कोपरे दिसू द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आजच रेकॉर्ड करा. आमच्या आजीचं एक वाक्य नसतं, तर मी परक्या माणसाला पणजोबा म्हणून घरात आणलं असतं.

दादा आता बोलतो. परवा त्यानेच विचारलं, "बीडला परत कधी जायचं?" आमच्या वंशावळीत पणजोबांच्या मूळ गावापुढची जागा मी सध्या रिकामी ठेवलीये.

भेटू पुढच्या भागात.