बुरशीलाही रोग होतो



नारायणगांवच्या बाजारांतील टोमॅटो आणि आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठाराचा बटाटा पुण्यामुंबईच्या घरांना अपरिचित नाहीं. या दोन्ही पिकांच्या पानांवर वलयांकित काळपट डाग पाडणारा करपा मात्र आपल्या दृष्टीस पडत नाहीं. अल्टर्नेरिया नांवाची बुरशी हें त्याचें मूळ. शेतकरी तिच्यावर औषध फवारतो, पावसाची सर तें धुऊन नेते, आणि खर्च पुन्हा दारीं उभा राहतो.

पिकाला आजारी पाडणारी ही बुरशी स्वतः कधीं आजारी पडते काय? होय, पडते. १९६२ सालीं इंग्लंडांत हॉलिंग्ज यांनीं रोगट अळंब्यांत विषाणु दाखविले. पुढें अल्टर्नेरियाच्या कुळांतही ते आढळले. पुष्कळसे विषाणु बुरशीला फारसे जाचत नाहींत; कांहीं मात्र तिचा जोरच मोडतात.

इटलींत १९३८ सालीं जिनोआजवळ चेस्टनट वृक्षांची साल कुजविणारी बुरशी आढळली. १९५० नंतर तेथील कांहीं झाडांच्या जखमा आपोआप भरून येतांना दिसल्या. त्यांतील बुरशी विषाणूनें दुबळी झालेली होती. फ्रान्समध्यें ग्रांत नांवाच्या शास्त्रज्ञानें अशी दुबळी बुरशी जखमांभोंवतीं लावून रोगास आळा घातला. अमेरिकेंत मात्र ही युक्ति फारशी फळली नाहीं. हा विषाणु एका बुरशींतून दुसरींत जावयाचा, तर दोघींचे तंतु एकमेकांत मिसळावे लागतात. आणि बुरशी रोटीबेटीचा व्यवहार आपल्याच गोतांत करते. अमेरिकेंत तिचीं गोतें फार, म्हणून विषाणूची वाट अडली. याला अपवादही आहे: २०१३ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं दुसऱ्या एका बुरशीचा विषाणु बाहेरून लावला तरी तिच्यांत शिरतो, असें दाखविलें.

जुन्नर-आंबेगांवच्या करप्यावर असा विषाणु उद्यांच बाटलींतून मिळेल, अशी आशा मी दाखवीत नाहीं. एका शिवारांतील बुरशी शेजारच्या शिवारांतील बुरशीची सगोत्र कीं परकी, हें आधीं ओळखावें लागेल. बुरशांचा राष्ट्रीय संग्रह पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेंत आहे. म्हणजे अशा अभ्यासाचें साधन घराजवळ आहे. तोंवर रोगट पाला वेंचून नष्ट करावा, आणि टोमॅटोच्या वावरांत लगोलग बटाटा घेऊं नये. कारण दोघांवरील करप्याची बुरशी एकाच कुळांतली आहे. शत्रूच्या शत्रूस मित्र करावयाचें, तर प्रथम शत्रूचें गणगोत जाणलें पाहिजे.